सहा आठवड्यांचं फिजिक्स

बोर्डी
१ मे २०२४

प्रिय दक्षा,

तुझा फोन कधीही लावला तरी बंद. गेल्या आठवड्यात तूच निरोप धाडलास की तलासरीला नेटवर्कचा त्रास आहे, काही असेल तर शाळेच्या पत्त्यावर पत्र टाक. म्हणून टाकते. शेवटचं पत्र मी कोणाला कधी लिहिलं तेही आठवत नाही.

सांगायचं ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. मी फिजिक्सचा कोर्स घेतलाय. ऑनलाइन. तुझ्या दादाशी लग्न झालं तेव्हा माझं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष झालं होतं, पण पहिल्या वर्षाचं फिजिक्स राहिलेलं. तेवढ्या एका विषयावर तिसरं वर्ष अडलं ते अडलंच. अकरा वर्षं झाली. आता विद्यापीठाने जुन्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कोर्स काढलाय. सहा आठवड्यांत अख्ख्या वर्षाचं फिजिक्स. नऊ जूनला पेपर. तो सुटला तर तिसऱ्या वर्षाला बसता येईल, आणि ही संधी यंदाचीच. पुढच्या वर्षीपासून अभ्यासक्रम बदलतोय.

तुझ्या दादाला माहीत आहे. ते म्हणाले, "कर, पण घरात बोभाटा नको." आई-आप्पांना सांगितलेलं नाही. आईंना वाटतं मी फोनवर मालिका बघते. सिझन चालू आहे, वाडीत चिकू उतरतोय, आणि पाहुण्यांना दिलेल्या खोल्या शनिवार-रविवार भरलेल्या. चादरी बदलायच्या, जेवणं करायची, मध्येच पळत सुरूच्या बनात जायचं, कारण तिथेच व्हिडिओ न अडकता चालतो. पुण्याच्या मॅडम शिकवतात, तर एका दिवसात एक धडा संपवतात. परवा सदिश होते, काल गती, आज न्यूटन. मी अजून सदिशांतच आहे. वाक्य ऐकते तोवर पुढचं येतं. कांदा चिरताना बाणच दिसतात.

तू शाळेत विज्ञान शिकवतेस म्हणून तुला विचारते, हसू नकोस. गाडीने ब्रेक मारला की आपण पुढे जातो. मग आपल्याला पुढे ढकलतं कोण? मॅडम म्हणतात कोणी नाही. मला पटत नाही. धक्का तर बसतो!

प्रितमरावांना नमस्कार. तुम्ही दोघं मेमध्ये येणार होता त्याचं काय झालं? ऋचा आत्याची वाट बघते.

तुझी,
वर्षा

---

तलासरी
६ मे २०२४

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून मी वर्गात एकटीच हसले. शाळेला सुट्टी आहे, बाकं रिकामी, आणि बाई हसतायत. किती बरं केलंस! लग्नानंतर तू आमच्याकडे आलीस तेव्हा तुझ्या पेटीत साड्यांच्या खाली पुस्तकं होती, ती आईने माळ्यावर ठेवायला लावली होती. मी शिडी धरली होती. मला नेहमी वाटायचं की तू ती कधीतरी काढशील.

तुझा प्रश्न. खरंच कोणी ढकलत नाही. गाडी थांबली, तू थांबली नाहीस, एवढंच. तुझं शरीर आधी जसं चाललं होतं तसंच चालत राहतं आणि समोरचा दांडा तुला थांबवतो. धक्का बसतो तो थांबवणाऱ्याचा. माझ्या सातवीच्या मुली हे एसटीत उभ्या राहून शिकतात, तूही तसंच बघ.

सदिशांना घाबरू नकोस. प्रत्येक बाणाचे दोन तुकडे कर, एक आडवा, एक उभा. मग नुसती बेरीज उरते.

मी मेमध्ये येऊ शकणार नाही. वीस तारखेला मतदान, मला निवडणुकीची ड्युटी आहे, ट्रेनिंगवर ट्रेनिंग चालू आहेत. म्हणून तलासरीलाच राहते सध्या, रोज उंबरगावहून येणं-जाणं जमत नाही. पत्रं शाळेच्याच पत्त्यावर टाक. उंबरगावच्या घरी टाकू नकोस.

आईला यातलं काही सांगू नकोस. उगीच काळजी करते.

तुझी,
दक्षा

---

बोर्डी
१३ मे २०२४

प्रिय दक्षा,

तुझे ते दोन तुकडे कामाला आले. पहिल्या चाचणीत दहापैकी सहा. सुरूच्या बनात मी मोठ्याने "हो" म्हणाले, तर वाळूत बसलेल्या एका जोडप्याने दचकून माझ्याकडे बघितलं.

पण दक्षा, वेग झेपत नाही. या आठवड्यात ऊर्जा, संवेग, फिरणाऱ्या वस्तू, सगळं एकदम. एक नीट समजावं आणि मग पुढचं घ्यावं, तर पुढचं आधीच दारात. भाकरी थापताना हात थांबतो, तव्यावरची करपते. काल आप्पा म्हणाले, "सूनबाई, तब्येत बरी आहे ना?" काय सांगू?

घरी करायचा एक प्रयोग होता. दोरीला वजन बांधून लंबक करायचा, झोके मोजायचे आणि त्यावरून गुरुत्वाचा आकडा काढायचा, वर त्याचा व्हिडिओ पाठवायचा. मी पडवीतल्या हुकाला सुतळी बांधून गोदामाचं कुलूप लटकवलं. मी मोजतेय, ऋचा फोन धरून उभी, आणि आई मागे येऊन थांबल्या. "हे कुलूप कोणाला लटकवलंयस?" मी म्हटलं, ऋचाचा शाळेचा प्रकल्प. "सुट्टीत?" म्हणाल्या. ऋचा माझ्याकडे अशी बघत राहिली की मला लाज वाटली. आकडा आला नऊ पॉइंट चार. यायला हवा नऊ पॉइंट आठ. कुठे चुकलं?

आता खरं काम. पेपर ऑनलाइन आहे आणि नियम कडक. बंद दाराची खोली हवी, तीन तास. खोलीत दुसरं कोणी नको. कॅमेरा चालू, माइक चालू. कोणी आत आलं किंवा मी खुर्चीवरून उठले की पेपर आपोआप बंद. दक्षा, आपल्या घरात अशी खोली सांग मला! नऊ जून रविवार आहे. पाहुण्यांच्या खोल्या भरलेल्या, आमची खोलीसुद्धा आई देऊन टाकतात आणि आम्ही पडवीत झोपतो. आईंना तर दार वाजवायची सवयच नाही.

तुमची उंबरगावची वरची खोली रिकामी असते ना? मी सकाळी येऊन संध्याकाळी परत जाईन. कोणाला त्रास नाही. लवकर कळव, माझा जीव सारखा त्यातच आहे.

तुझी,
वर्षा

---

तलासरी
१८ मे २०२४

प्रिय वहिनी,

घाईत आहे. परवा मतदान.

लंबकाची लांबी कुठपर्यंत मोजलीस? सुतळीच्या गाठीपर्यंत मोजली असशील. कुलपाच्या मध्यापर्यंत मोजायची. तेवढ्याने फरक पडतो.

उंबरगावचं जमणार नाही. घर रंगवायला काढलंय, वरची खोली सामानाने भरलेली आहे. दुसरीकडे बघ ना. तुझी एखादी मैत्रीण असेल डहाणूला.

अभ्यास सोडू नकोस.

दक्षा

---

बोर्डी
२५ मे २०२४

दक्षा,

लांबीचं बरोबर होतं. आता नऊ पॉइंट सात येतं. त्याबद्दल आभार.

काल प्रितमराव येऊन गेले. डहाणूला काम होतं म्हणे, जेवायलाच आले. आईंनी पुरण घातलं. मी वाढताना सहज विचारलं, "रंगाचं काम कुठवर आलं?" ते म्हणाले, "कसला रंग?" मी म्हटलं, घराचा. ते माझ्याकडे बघून हसले. "वहिनी, आपलं घर आहे तसंच आहे. तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. आणि ताक आणायला आत गेले.

मला खोटं कारण द्यायची तुला गरज नव्हती, दक्षा. "नको" म्हणाली असतीस तरी चाललं असतं. तिकडे तुझ्या सासरी मी फोन समोर ठेवून दार लावून बसणार, लोक काय म्हणतील, हे मला कळतं. या वयात सुनेला परीक्षा कसली, असं वाटलं असेल. पण ते तू म्हणावंस? ज्या मुलीने शिडी धरली होती तिने?

निवडणूक होऊन पाच दिवस झाले. तू अजून तलासरीलाच आहेस, असं प्रितमरावांच्या बोलण्यातून वाटलं. त्यांनी मला दोनदा विचारलं, "तुमचं तिच्याशी बोलणं होतं का?" मी नाही म्हटलं. का म्हटलं तेही माहीत नाही.

आम्ही आता वीज आणि चुंबक करतोय. मला त्यातलं काही समजत नाही. समजेल असंही वाटत नाही. मागच्या चाचणीत दहापैकी तीन. सुरूच्या बनात आज गेलेच नाही.

वर्षा

---

तलासरी
३० मे २०२४

प्रिय वहिनी,

तू ताक आणायला आत गेलीस आणि त्याला "नाही" म्हणालीस, त्याबद्दल मी तुझे किती आभार मानू?

घर रंगवायला काढलेलं नाही. मी त्या घरात राहत नाही. मार्चच्या शेवटी निघून आले.

तुला लिहायचं नव्हतं, कारण तुझी परीक्षा. पण तू जे समजलीस ते वाचून राहवलं नाही. लोक काय म्हणतील म्हणून मी तुला नको म्हणेन का?

तो वाईट दिसत नाही, हे तर तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आप्पा अजून सांगतात की असा जावई शोधून सापडायचा नाही. तो माझा फोन रोज बघायचा. शाळेत कोणाशी बोलले, कोणत्या एसटीने आले, कोणाच्या शेजारी बसले. शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा. दिवाळीत मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "शंका घेतो म्हणजे जीव आहे." मग मी पुन्हा कोणाला सांगितलं नाही.

मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा चालू होत्या, मला यायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोलीला बाहेरून कडी लावून कामावर गेला. संध्याकाळी उघडली. सासूबाई घरातच होत्या, वहिनी. मी दारावर हात आपटत होते आणि मला त्यांच्या कुकरची शिटी ऐकू येत होती. दार उघडल्यावर तो म्हणाला, "चल, जेवून घे."

त्याच आठवड्यात मी निघाले. जुनं सिम काढून टाकलं. नेटवर्कचा त्रास काही नाही इथे. आमच्या शाळेत स्वयंपाकाला जानीबाई आहेत, त्यांच्या घराची मागची खोली मी घेतली आहे, बाजाराच्या मागच्या बाजूला. पत्रं त्याच शाळेतून आणून देतात. तो शाळेत येऊन गेला, पण मी कुठे राहते ते त्याला कोणी सांगितलेलं नाही. त्याच्या घरीही तो सांगतो की मी ड्युटीवर आहे. आम्ही दोघं एकच खोटं बोलतोय, त्याची मला फार चीड येते.

तर खोली आहे. लहान आहे, पण दार लागतं आणि नेटवर्क चांगलं. नऊ तारखेला इथे ये. एसटी स्टँडवर मी घ्यायला येते. कोणाला सांगू नकोस. आणि एक. दार लावलंस की बाहेर काहीही होवो, तू उठायचं नाही. काहीही.

विजेचं घाबरू नकोस. नळाचं पाणी डोळ्यांसमोर आण. टाकी जितकी उंच तितका जोर, पाइप जितका बारीक तितका अडथळा. निम्मा धडा त्यातच येतो. आणि सुरूच्या बनात जात जा.

तुझी,
दक्षा

---

बोर्डी
४ जून २०२४

प्रिय दक्षा,

काय लिहू? ते पत्र मी गोदामात पेट्यांच्या मागे उभी राहून वाचलं. कुकरपाशी आले की पुढे वाचवतच नव्हतं. मी तुला काय काय लिहून बसले!

तुझ्या दादाला सांगू का? तू म्हणालीस कोणाला नको, म्हणून अजून सांगितलं नाही. पण बोलताना मला त्यांच्याकडे नीट बघवत नाही. ते विचारतात, "अभ्यासाचं टेन्शन आहे का?" हो म्हणते.

मी येते. घरातून निघायला काही कारण हवं होतं, म्हणून आईंना एवढंच म्हटलं की रविवारी दक्षाला भेटून येते, फार दिवस झाले. मला वाटलं पाहुणे आहेत म्हणून नाही म्हणतील. तर त्या खूष. "जा, मी जेवणाचं बघते," म्हणाल्या. तुझ्यासाठी चिकूची पेटी बांधून ठेवली आहे.

पाण्याची टाकी कामाला आली. मागच्या चाचणीत सात. आता फक्त प्रकाश राहिलाय. झोप नावाला. डोळा लागला की भिंगं दिसतात.

रविवारी भेटू.

तुझी,
वर्षा

---

बोर्डी
११ जून २०२४

प्रिय दक्षा,

परवा तुझ्याशी धड बोलताही आलं नाही. एसटी निघताना तू खिडकीखाली उभी होतीस आणि मला एक शब्द सुचेना. म्हणून लिहिते.

आतून काय झालं ते तुला माहीत नाही. पहिला भाग छान गेला. दुसऱ्या भागात उताराच्या गणितात मी बाणाचे दोन तुकडे केले आणि उत्तर पर्यायात सापडलं, तेव्हा मला हसू आलं. तिसरा भाग, प्रकाशाचा, उघडला आणि बाहेर मोटरसायकल थांबली.

आवाज मी लगेच ओळखला. आधी हळू होता. "चल, आई वाट बघतेय. तमाशा करू नकोस." मग तुझा. "मी येणार नाही." स्क्रीनवर लाल पट्टी आली, खोलीत आवाज येतोय. मी भिंगाचा प्रश्न वाचत होते. तोच प्रश्न, पुन्हा पुन्हा. जानीबाई म्हणाल्या, "हात सोडा तिचा." मग काहीतरी पडलं, पत्र्यावर आपटल्यासारखं. तू ओरडली नाहीस, दक्षा. तू ओरडली असतीस तर कदाचित मी बसून राहिले असते. तू एकदम गप्प झालीस.

तू म्हणाली होतीस उठू नकोस. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती. मग हात सुटले.

बाहेर काय दिसलं ते तुला माहीत आहे. तुझं मनगट प्रितमरावांच्या हातात, जानीबाई मध्ये उभ्या, मोटरसायकलची चावी काढून जानीबाईंनी कमरेला खोचलेली. प्रितमराव मला बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. घरचा मामला आहे."

मी म्हटलं, "मी घरचीच आहे. हात सोडा."

मला वाटलं नव्हतं ते सोडतील. शेजारची माणसं जमली होती म्हणून सोडला असेल. पण सोडला. ते चालत रस्त्यापर्यंत गेले तेव्हाच जानीबाईंनी चावी दिली.

आत आले तर स्क्रीनवर एकच ओळ, परीक्षा बंद करण्यात आली आहे.

त्यांना पत्ता कळला कसा, ते मला काल समजलं. आईंनी शनिवारी त्यांना फोन केला होता. वर्षा येतेय उद्या दक्षाला भेटायला, चिकूची पेटी पाठवतेय, स्टँडवर घ्यायला जा. आईंना वाटलं मी उंबरगावला चाललेय. ते बोर्डीहूनच एसटीच्या मागे आले, दक्षा; स्टँडवर आपण नजरेआड झालो म्हणून घर शोधायला तेवढा वेळ लागला असेल. मीच त्यांना तुझ्या दारापर्यंत आणलं.

काल संध्याकाळी मी घरात सगळं सांगून टाकलं. कोर्सचं आणि तुझं, दोन्ही. तू रागावशील, पण आता लपवण्यासारखं राहिलं नव्हतं. तुझा दादा तडक उठून गाडी काढायला निघाला, आप्पांनी धरून बसवलं. आई चिकू निवडत होत्या, त्या निवडतच राहिल्या. आज सकाळपासून आई घरात नाहीत. कुठे गेल्या, कोणाला सांगितलेलं नाही.

विद्यापीठाचा मेल आलाय. पेपर अर्धवट का सोडला त्याचा लेखी खुलासा द्यायचा. मी लिहिणार आहे की प्रकृती बिघडली.

तुझी,
वर्षा

---

तलासरी
१४ जून २०२४

प्रिय वहिनी,

आई माझ्याकडे आली होती. एव्हाना तुम्हाला कळलं असेल.

आधी माझा राग ऐकून घे. मी तुला म्हटलं होतं, उठू नकोस! पत्र्यावर आपटली ती बादली होती. मी गप्प झाले ती तुला आवाज जाऊ नये म्हणून. दात आवळून उभी होते की अजून थोडाच वेळ राहिलाय, वहिनीचा पेपर होऊ दे. आणि तू त्यानेच उठलीस. मला रात्रभर झोप नाही. तुझी अकरा वर्षं माझ्या दारात गेली, हे मी कुठे ठेवू?

राग सांगून झाला. आता दुसरं. दार उघडलं आणि तू दिसलीस, तेव्हा माझ्या पायांत बळ आलं. तोपर्यंत मी जाणार होते त्याच्याबरोबर. तुझा पेपर सुरळीत व्हावा म्हणून गाडीवर बसणार होते. हे मी जानीबाईंनाही सांगितलेलं नाही.

पत्ता तू आणला नाहीस. मागे तो आला.

आई मंगळवारी पहिल्या एसटीने आली. बाजारात विचारत विचारत. मी दार उघडलं तर ती आत आली, पाणीसुद्धा मागितलं नाही. दाराकडे गेली. आतून कडी लावली, ओढून बघितली, पुन्हा काढली. मग खाली बसली.

"घरी येतेस?" म्हणाली.

मी म्हटलं, "नाही. शाळा उद्या-परवा सुरू होतेय."

"बरं," म्हणाली. "मग मी येत जाईन."

दिवाळीचं ती काही बोलली नाही, मीही नाही. तू आणलेले चिकू तिने चाचपून बघितले आणि म्हणाली, अजून पिकायचेत, गवतात ठेव. जाताना जानीबाईंचा हात धरून बराच वेळ उभी राहिली. जानीबाई म्हणाल्या, "बाई, मी आहे इथे." आईने मान हलवली.

आता तुझा खुलासा. प्रकृती बिघडली असं लिहू नकोस. खरं लिही. माझं नाव घालून लिही. मी काल शाळेतल्या बाईंबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार दिली आहे, तिची प्रत सोबत पाठवते, ती जोड. मला त्याच्याबरोबर एकच खोटं बोलायचा कंटाळा आलाय. तू नवीन सुरू करू नकोस.

तुझी,
दक्षा

---

बोर्डी
२७ जून २०२४

प्रिय दक्षा,

खरं लिहिलं. तीन वेळा फाडलं आणि चौथ्यांदा पाठवलं. उत्तर आलं की पुन्हा पेपर घेता येणार नाही. जेवढं सोडवलं तेवढंच धरणार, आणि राहिलेल्या भागासाठी व्हिडिओवर तोंडी परीक्षा. काल झाली.

तोंडीला बंद खोलीची अट नव्हती. पण आप्पांनी पाहुण्यांची एक खोली रिकामी ठेवायला लावली. मी म्हटलं, नको, पडवीत बसते, तिथे आता रेंज येते. आत जाऊन बसायचं मला जमेनाच. तर सगळे पडवीच्या कडेला. तुझा दादा खांबाला टेकून, ऋचा पायरीवर, आई दाराच्या आड, पण पदर दिसत होता.

समोर एक वयस्क बाई आणि एक तरुण सर. बाईंनी विचारलं, "चेंडू सरळ वर फेकला. सगळ्यात उंच ठिकाणी त्याचा वेग शून्य. मग त्वरण किती?" हे मला येत होतं. मी म्हटलं, वेग शून्य असला तरी पृथ्वीची ओढ सुटत नाही, नऊ पॉइंट आठ, खालच्या दिशेला. भिंगाचे दोन प्रश्न झाले, तेही आले. मग सरांनी विचारलं, "साठ आणि शंभर वॅटचे दोन दिवे एकसरीत जोडले. जास्त प्रकाश कोणाचा?" मी म्हटलं, शंभरचा. ते म्हणाले, "विचार करा." मी विचार केला आणि पुन्हा म्हटलं, शंभरचा.

कॅमेरा बंद झाल्यावर पुस्तकात बघितलं. साठचा. मी डोकं धरून बसले, तर आई दाराआडून बाहेर आल्या. "काय चुकलं?" मी सांगितलं. आई म्हणाल्या, "असं कसं? शंभरचाच जास्त लागतो. त्यांनाच येत नाही." आप्पाही म्हणाले, शंभरचाच. तुझा दादासुद्धा. मग ऋचाने हट्ट धरला की करून बघू. आप्पांनी गोदामातून दोन जुने दिवे शोधून आणले, तुझ्या दादाने तारा जोडल्या. साठचाच जास्त लागला. आई कितीतरी वेळ बघत उभ्या होत्या. "मग घरात उलटं का?" म्हणाल्या. मी समजावलं. त्यांना किती समजलं माहीत नाही, पण त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं.

निकाल कधी लागेल ते सांगितलेलं नाही. मी दिवसातून कितीदा फोन बघते ते विचारू नकोस.

तुझी,
वर्षा

---

तलासरी
३ जुलै २०२४

प्रिय वहिनी,

काल दादा आणि आप्पांबरोबर उंबरगावला जाऊन माझी प्रमाणपत्रं, कपडे आणि शिवणाचं मशीन घेऊन आले. तो घरी होता. गॅलरीत उभा राहिला, खाली आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "चहा तरी घे." मी नको म्हटलं. आप्पांनी त्यांना नमस्कार केला आणि मशीन स्वतः उचललं. दादा म्हणत होता मी घेतो, तर दिलं नाही. एवढं जड मशीन, या वयात. तलासरी आल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "मी फार मोठ्याने सांगत फिरलो गं त्याच्याबद्दल."

पुढे वकील, तारखा, सगळं आहे. भीती वाटते. मोटरसायकल थांबली की अजून मी खिडकीतून बघते. पण मुली आल्यात, वसतिगृहात गलका आहे, आणि सहावीला मला विजेचा धडा घ्यायचाय. दिव्यांचा तुमचा प्रयोग मी वर्गात करणार.

निकाल लागला की त्याच दिवशी कळव.

तुझी,
दक्षा

---

बोर्डी
१६ जुलै २०२४

प्रिय दक्षा,

त्रेचाळीस. चाळीसला पास.

तुला त्याच दिवशी लिहायचं होतं, पण त्याच दिवशी तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची शेवटची तारीख निघाली. कागद घेऊन पळापळ, आणि काल कॉलेजचा पहिला दिवसही झाला. आठवड्यातून चार दिवस जायचंय. आईंनी सकाळच्या भाकऱ्या आपल्याकडे घेतल्यात. तोंडाने कुरकुर चालूच आहे, "हिच्या शाळेपायी माझे हात भाजतात." पण उठतात माझ्याआधी.

वर्गात गेले तर सगळी विशीतली पोरं. मी मागे बसावं की पुढे, ते ठरत नव्हतं. पुढे बसले. सर आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "पालकांनी कृपया बाहेर थांबा." पोरं हसली. मी उभी राहिले. म्हटलं, "मी विद्यार्थिनी आहे."

सर ओशाळले. नुसत्या आडनावांनी हजेरी घ्यायला लागले. मी माझ्या नावाची वाट बघतेय, नावं जातायत, माझं काही येत नाही. वाटलं, प्रवेशात पुन्हा काही राहिलं. मग सरांनी एक आडनाव घेतलं. कोणी बोललं नाही. त्यांनी पुन्हा घेतलं. मीही इकडेतिकडे बघत होते की कोण आहे, उत्तर का देत नाही.

विद्यापीठाच्या कागदावर माझं लग्नाआधीचंच नाव आहे, दक्षा. वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. अकरा वर्षांत कोणी मला त्या नावाने हाक मारली नव्हती.

सर पुढच्या नावावर जाणार, एवढ्यात मी हात वर केला आणि म्हटलं, "हजर."

तुझी,
वर्षा